प्रश्न पिशवीतच राहिला

(गुरुकुंज मोझरी येथे ग्रामपंचायतींच्या महिला सदस्य आणि महिला मंडळांच्या कार्यकर्त्या यांच्या शिबिरात केलेले भाषण. बोलण्यातली वळणे शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



संयोजकांनी माझ्या विषयाला ‘निवडणूक आणि प्रसारमाध्यमे’ असं भारदस्त नाव दिलं आहे. पत्रिकेवर ते शोभून दिसतं. मला मात्र सुरुवात करायची आहे ती एका प्लॅस्टिकच्या पिशवीपासून.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. विधानसभेची निवडणूक लागली होती. आमच्या संघटनेने तालुक्याच्या गावी उमेदवार आणि महिला यांच्या संवादाचा कार्यक्रम ठरवला. गावोगाव बैठका घेतल्या, बायकांकडून प्रश्न गोळा केले, सगळे मिळून चाळीसेक प्रश्न झाले. आदल्या दिवशी एका वजनदार उमेदवाराची माणसं आली. चहा घेतला आणि अटी सांगितल्या. प्रश्न आधी लेखी द्यायचे, त्यातले तीन ते निवडणार. पुढच्या दोन रांगांत त्यांच्या महिला आघाडीच्या बायका बसणार. उत्तर झाल्यावर कुणी उलट विचारायचं नाही. आम्ही आतल्या खोलीत जाऊन कुजबुजलो. नाही म्हटलं तर साहेब येणार नाहीत, साहेब आले नाहीत तर इतर उमेदवारही येणार नाहीत, आणि पेपरात ओळसुद्धा छापून येणार नाही. बाहेर आलो आणि हो म्हटलं.

कार्यक्रम दणक्यात झाला. औक्षण झालं, शाल-श्रीफळ झालं. पुढच्या दोन रांगा एकाच रंगाच्या साड्यांत. निवडलेले तीन प्रश्न असे: महिला सक्षमीकरणाबद्दल आपले विचार काय, बचत गटांना आपण काय संदेश द्याल, आणि आपल्या यशात आपल्या मातोश्रींचा वाटा किती. तिसऱ्या प्रश्नाला साहेबांचा कंठ दाटून आला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मागच्या रांगेत एक बाई बसली होती. तिच्या नवऱ्याने कर्जापायी औषध घेतलं होतं. कर्ज होतं ते परवाना नसलेल्या सावकाराचं. शेतकरी आत्महत्येनंतरची सरकारी मदत मिळायची तर कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. म्हणून तिचं प्रकरण ‘अपात्र’ ठरलं. वारस म्हणून सातबाऱ्यावर तिचं नावही चढलं नव्हतं. सगळे कागद पिशवीत घालून ती एसटीने आली होती. तिचा प्रश्न आमच्या यादीत होता, तो खोडला गेला. कार्यक्रम संपेपर्यंत ती बसून राहिली. निघताना मला म्हणाली, “ताई, माहा प्रश्न त पिशवीतच राह्यला.”

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. महिला मेळाव्यास उदंड प्रतिसाद. त्याच बातमीत दुसऱ्या पक्षाच्या उमेदवार बाईंबद्दल दोन ओळी होत्या: मोरपंखी रंगाची साडी, हसतमुख चेहरा, सर्वांची आपुलकीने विचारपूस. कापसाच्या भावाबद्दल त्या बाई पाच मिनिटं चांगलं बोलल्या होत्या. त्यातला एक शब्दही छापला नव्हता.

त्या उमेदवाराच्या माणसांवर मी बराच काळ चिडून होते. पुढे लक्षात आलं की त्यांनी त्यांचं काम केलं होतं. मंच आमचा होता, माईक आमचा होता, बोलावणं आमचं होतं. खोडलेला प्रश्न आमच्या यादीतला होता आणि तो खोडायला संमती देणाऱ्या आम्हीच होतो. आज मला याच संमतीबद्दल बोलायचं आहे. निवडणुकीत सोंग किती आणि सार किती, हे नुसतं उमेदवारावर ठरत नाही. प्रश्न कोण विचारणार, आणि ते कुणाच्या अटींवर, यावर ते ठरतं.

आता जरा लांब, अमेरिकेला जाऊ. तुम्ही म्हणाल, मोझरीत बसून अमेरिकेचं काय घेऊन बसलात. पण टीव्हीवर समोरासमोर उभं राहून वाद घालणारे उमेदवार, आणि वादानंतर ‘कोण जिंकलं’ सांगणारे पंडित, हा मामला तिथूनच जगभर गेला. आणि त्यात बायकांच्या एका संघटनेची अशी गोष्ट आहे की ती आपल्याला माहीत असायलाच हवी.

२६ सप्टेंबर १९६० ला शिकागोत केनेडी आणि निक्सन हे अध्यक्षपदाचे उमेदवार टीव्हीसमोर उभे राहिले. अशी ही पहिलीच वेळ. सुमारे सात कोटी लोकांनी ते पाहिलं. निक्सन नुकतेच गुडघ्याच्या दुखण्यामुळे दवाखान्यात राहून आले होते. वजन उतरलेलं, चेहरा ओढलेला, दाढीचे खुंट दिसत होते. केनेडी उन्हात रापलेले, ताजेतवाने. तेव्हापासून एक गोष्ट सांगितली जाते की रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असं वाटलं आणि टीव्हीवर पाहणाऱ्यांना केनेडी. या गोष्टीला आधार आहे तो एका लहानशा पाहणीचा, आणि अभ्यासकांनी त्याबद्दल शंका घेतली आहे. पण मला मौज वेगळ्याच गोष्टीची वाटते. त्या चर्चेत शाळांबद्दल प्रश्न होते, शेतमालाच्या धोरणाबद्दलही प्रश्न होता. शेतकऱ्याला सरकारने आधार द्यायचा तो कसा, हे दोघांनी सांगितलं. साठ वर्षांहून जास्त काळ लोटला, ते उत्तर कुणाच्या लक्षात नाही. दाढीचे खुंट जगाच्या लक्षात आहेत.

मग टीव्हीच्या बातम्यांनी आणखी एक गोष्ट केली. नेत्याचं बोलणं कापून कापून लहान केलं. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी मोजलं आहे. १९६८ च्या निवडणुकीत बातमीत उमेदवाराचा सलग आवाज सरासरी चाळीस सेकंदांहून जास्त ऐकू येई. १९८८ मध्ये तो दहा सेकंदांच्या आत आला. दहा सेकंदांत आपण काय सांगू शकतो? टोमणा मारू शकतो. ‘विधवेचं नाव सातबाऱ्यावर का चढत नाही’ हे दहा सेकंदांत सांगता येत नाही. म्हणजे वेळ कापला की गरिबाचा प्रश्न आधी कापला जातो, कारण तो गुंतागुंतीचा असतो.

आता त्या संघटनेची गोष्ट. तिचं नाव ‘लीग ऑफ वुमेन व्होटर्स’, म्हणजे मतदार स्त्रियांचा संघ. अमेरिकेतल्या बायकांनी मताच्या हक्कासाठी पिढ्यान्‌पिढ्या लढा दिला. १९२० मध्ये तो हक्क घटनेत आला आणि त्याच वर्षी हा संघ स्थापन झाला. मत मिळालं, आता ते समजून वापरायचं, हा त्यामागचा विचार. १९७६, १९८० आणि १९८४ या तीन निवडणुकांत उमेदवारांच्या टीव्हीवरच्या चर्चा या संघाने भरवल्या. उमेदवार पक्षाचे, यजमान मतदार बायका.

१९८४ मध्ये मोठ्या पक्षाकडून पहिल्यांदाच एक बाई उपाध्यक्षपदाला उभी राहिली, जेराल्डिन फेरारो. त्या चर्चेत समोरचे उमेदवार जॉर्ज बुश तिला परराष्ट्र धोरण समजावून सांगू लागले, शाळेतल्या मुलीला सांगावं तसं. तिने तिथल्या तिथे त्यांना ठणकावलं की हा वडीलकीचा सूर मला चालणार नाही. तिला ते करता आलं, कारण तिला उत्तराला उत्तर द्यायची जागा होती. ‘उलट विचारायचं नाही’ अशी अट तिथे असती तर?

तशी वेळ चार वर्षांनी आली. १९८८ मध्ये दोन्ही उमेदवारांच्या माणसांनी बंद दाराआड बसून आपसात करार केला. प्रश्न विचारणारे पत्रकार कोण असतील, सभागृहात कोण बसेल, बातमीदारांना कुठवर येता येईल, सगळं त्यात ठरलेलं. आणि हा करार संघापुढे ठेवला. आदल्या दिवशी आमच्याकडे आलेल्या माणसांची मला आठवण होते. चहाची जागा निराळी, अटी त्याच.

३ ऑक्टोबर १९८८ ला संघाने जाहीर करून टाकलं की अशा चर्चेला आम्ही आमचं नाव लावणार नाही, कारण ती मतदारांची फसवणूक ठरेल. आणि यजमानपद सोडलं.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. चर्चा काही थांबली नाही. दोन्ही पक्षांनी मिळून आदल्या वर्षी एक मंडळ स्थापन केलं होतं, त्याने ती भरवली. संघाच्या वाट्याची होती तीच चर्चा १३ ऑक्टोबरला लॉस एंजेलिसला झाली. पहिला प्रश्न डुकाकिस या उमेदवाराला. तुमच्या बायकोवर बलात्कार करून तिचा खून झाला, तर खुन्याला फाशी व्हावी असं तुम्ही म्हणाल का? बायको तिथे हयात होती, तिचं नाव घेऊन हा प्रश्न. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं की मी फाशीच्या विरोधात आहे आणि का आहे. दुसऱ्या दिवसापासून चर्चा कशाची? या माणसाच्या डोळ्यांत पाणी कसं आलं नाही याची. फाशीची चर्चा नाही, बलात्काराची नाही, बलात्कार झालेल्या बाईला न्याय मिळतो का याची तर नाहीच. एका बाईचं शरीर, तेही कल्पनेतलं, एका पुरुषाची परीक्षा घ्यायला वापरलं गेलं. ज्या मंचावर हे घडलं त्यावर मतदार बायकांचं नाव नव्हतं, एवढी अब्रू त्यांनी दहा दिवस आधी राखली होती.

तिथे आजही चित्र फार बदललेलं नाही. १० सप्टेंबर २०२४ च्या चर्चेत कमला हॅरिस उभ्या राहिल्या. चर्चेनंतर अफवा उठली की त्यांच्या कानातल्या मोत्यांच्या कुड्या म्हणजे ऐकण्याचं यंत्र आहे आणि कुणीतरी त्यांना उत्तरं सांगत होतं. ती खोटी निघाली. पण अफवेमागचा विचार ओळखीचा आहे ना? बाईने नीट उत्तर दिलं म्हणजे ते कुणीतरी पुरुषाने पढवलेलं असणार. आपल्या सरपंच बायकांना हे रोज ऐकावं लागतं.

चला, परत आपल्या मुलखात येऊ.

अमरावतीने दिल्लीला बायका पाठवल्या आहेत. १९८० आणि १९८४ ला उषाताई चौधरी निवडून गेल्या. १९९१ ला प्रतिभाताई पाटील. २००७ मध्ये प्रतिभाताई राष्ट्रपती झाल्या, तेव्हा १९६२ मध्ये विधानसभेत निवडून गेलेली, अनेक खाती सांभाळलेली, विरोधी पक्षनेतेपदही भूषवलेली ही बाई. पण किती रकाने त्यांच्या डोक्यावरच्या पदरावर खर्ची पडले! कुणाला तो संस्कृतीचं प्रतीक वाटला, कुणाला मागासलेपणाचं. दोन्ही बाजूंनी पाहिलं ते लुगड्याकडेच. त्यांच्या कारभारावर जी टीका करायची ती करावी, अवश्य करावी. पण ती कारभारावर.

२०१९ मध्ये नवनीत राणा अपक्ष म्हणून अमरावतीतून निवडून आल्या. २०२४ ला भाजपच्या उमेदवार म्हणून त्या काँग्रेसच्या बळवंत वानखडे यांच्याकडून हरल्या. त्या आधी चित्रपटांत काम करत होत्या. त्यांच्या राजकारणाशी आमच्या संघटनेचे मतभेद आहेत, आणि ते लहान नाहीत. पण २०२४ च्या प्रचारात त्यांच्या जुन्या व्यवसायावरून जी टिंगल झाली तिच्याशी आमचा काडीचा संबंध असू शकत नाही. आमच्यातल्याही काही जणी हसल्या, हे मी पाहिलं आहे. ज्यांना त्या आवडतात ते त्यांच्या चेहऱ्याचं कौतुक करतात, ज्यांना आवडत नाहीत ते त्याच चेहऱ्यावरून हिणवतात. पाच वर्षांत खासदाराने संसदेत काय विचारलं, मेळघाटातल्या बाळंतिणीसाठी काय केलं, हा हिशेब मांडायला दोघांनाही सवड नाही. तो हिशेब त्यांच्याकडून मागायला हवा होता, तसाच त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या पुरुष खासदारांकडूनही.

हे एका पक्षाचं दुखणं नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये निवडणूक आयोगाने दोन वेगवेगळ्या पक्षांच्या नेत्यांना एकाच दिवशी फटकारलं. एक प्रकरण अभिनेत्री असलेल्या उमेदवाराबद्दलच्या मजकुराचं, दुसरं एका राज्याच्या मुख्यमंत्री बाईंचा बाप काढण्याचं. त्यातल्या एक नेत्या बाईच होत्या. त्याच वर्षी विधानसभेच्या वेळी मुंबईत एका उमेदवार बाईंच्या संदर्भात ‘माल’ हा शब्द उच्चारला गेला. गुन्हा नोंदला गेला, मग खेद व्यक्त झाला. त्या निवडणुकीत २८८ जागांपैकी बायका निवडून आल्या २१. आधीच्या खेपेला २४ होत्या. ‘लाडक्या बहिणी’च्या मतांबद्दल जितके रकाने भरले, तितके या घटीबद्दल भरलेले मी पाहिले नाहीत. मत द्यायला बहीण लाडकी. तिकिटाची वेळ आली की भाऊ आठवतो.

वर्तमानपत्रांबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवा. २००९ च्या विधानसभेच्या वेळी महाराष्ट्रात पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं की एका मोठ्या नेत्याचं गुणगान करणारा मजकूर, तोच, शब्दाला शब्द, वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत बातमी म्हणून छापून आला होता. ‘पेड न्यूज’ हा शब्द तेव्हापासून आपल्या तोंडी बसला. प्रेस कौन्सिलच्या समितीने २०१० मध्ये त्याचा अभ्यास केला. तेव्हा ‘पेपरात आलं’ म्हणजे झालं, असं आम्ही ज्या आशेने त्या सगळ्या अटी मान्य केल्या, ती आशाच किती भाबडी होती ते बघा.

पण सगळा दोष बाहेर ढकलून मोकळं होता येणार नाही. आपणही आधी रूपच बघतो. नवी सरपंच आली की पहिलं वाक्य काय असतं? “सरपंचीन बाई दिसाले त साधीच हाय.” सभेत डोक्यावर पदर घेऊन गप्प बसली तर बाहुली म्हणतो, मोठ्याने बोलली तर उद्धट म्हणतो. आणि तिच्या वतीने नवरा खुर्चीत बसला तर त्याला चहा आपणच नेऊन देतो.

दिसण्यावरून अंदाज बांधण्यात आपण किती फसतो याचं महाराष्ट्रातलंच उदाहरण आहे. १९८९ मध्ये, म्हणजे स्त्रियांना तीस टक्के आरक्षण मिळण्याच्याही आधी, शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीच्या प्रेरणेने जळगाव जिल्ह्यात विटनेर आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यात मेटीखेडा इथे सगळ्या बायकांच्या ग्रामपंचायती निवडून आल्या. लोक टिंगल करत की आता पोळ्या कोण करणार. महाराष्ट्रातल्या बारा महिला पंचायतींचा अभ्यास बिशाखा दत्त यांनी संपादित केलेल्या १९९८ च्या इंग्रजी पुस्तकात आला, त्याचं नावच मुळी ‘मग चपात्या कोण करणार?’ अशा अर्थाचं आहे. त्या बायकांचा फोटो काढला असता तर काय दिसलं असतं? साध्या लुगड्यांतल्या शेतकरणी. पण त्याच विटनेर गावात लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शंभराहून अधिक नवऱ्यांनी आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे केला. सातबाऱ्यावर बाईचं नाव! माझ्या मागच्या रांगेतल्या बाईला जे हवं होतं तेच. हे काम कुठल्याही फोटोत दिसत नाही, ते तलाठ्याच्या दप्तरात दिसतं. काम शोधायचं तर दप्तर उघडावं लागतं. फोटो पाहणं सोपं असतं.

हे गुरुकुंज आहे. १९३५ पासून इथे माणसं तुकडोजी महाराजांच्या ओढीने आली. खंजिरीवरचं भजन ऐकायला येत आणि गाव झाडायचं, व्यसन सोडायचं, जातपात सोडायची असं काम घेऊन परत जात. महाराजांनाही लोक जमवायला खंजिरी लागलीच. तेव्हा आकर्षण वाईट, असं मी म्हणत नाही. खंजिरीमुळे लोक जमले, पण जमल्यावर त्यांच्यापुढे काय ठेवलं, हे महत्त्वाचं. ग्रामगीतेत महाराजांनी मताबद्दलही लिहिलं आहे, की ते निष्काळजीपणे वापरलं तर त्याचा घाव शेवटी आपल्यालाच बसतो. हा इशारा या भूमीतला आहे, अमेरिकेतून आणावा लागलेला नाही.

आता आम्ही पुढे काय केलं ते सांगते. फार मोठं काही नाही.

त्या फजितीनंतर काही काळाने आमच्या एका गावात ग्रामपंचायतीची निवडणूक आली. या वेळी नियम आम्ही आधी ठरवले आणि देवळाच्या बाजूच्या फळ्यावर लिहिले. हार, शाल, नारळ नाही. औक्षण नाही. बाई उमेदवार असेल तर तिनेच बोलायचं, नवऱ्याने खाली बसून ऐकायचं. प्रश्न पाच, सगळ्यांना तेच, प्रत्येकाला तीन मिनिटं. एक उलट प्रश्न विचारायची मुभा. उत्तर वहीत लिहून घेणार आणि खाली सही घेणार. ज्याला अटी मान्य नाहीत त्याने येऊ नये, त्याच्या नावाचं पान वहीत कोरं राहील.

प्रश्नही साधे होते. घरपट्टीचा उतारा नवरा-बायको दोघांच्या नावे करणार का? विधवांच्या वारस नोंदीचे किती फेरफार अडकले आहेत त्याची यादी ग्रामसभेत वाचणार का? नळाचं पाणी वरच्या वस्तीला कोणत्या महिन्यापर्यंत पोचेल? दारूच्या दुकानाबद्दल तुमची भूमिका काय? आणि नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असं कायदा सांगतो, ती खरोखर भरवणार की रजिस्टरवर सह्या गोळा करणार?

सरपंचपदाला पाच जण उभे होते. तीन आले, दोन आले नाहीत. त्या दोघांचं म्हणणं, बायकांसमोर परीक्षा द्यायची का? आलेल्यांत एक भूमिहीन मजूर बाई होती. लाऊडस्पीकरवर तिचा आवाज कापत होता. पण कोणत्या घरची वारस नोंद अडली आहे ते तिला नावानिशी पाठ होतं. तिने सगळ्यात नीट उत्तरं दिली.

ती पडली. मला वाटतं इथे तुम्हाला ती जिंकल्याचं ऐकायचं होतं. मलाही तेच हवं होतं. निवडून आला तो आलेल्या तिघांतला दुसरा, पैसेवाला. पण त्याची सही आमच्या वहीत होती. पहिल्या महिला सभेला आम्ही वही घेऊन गेलो आणि त्याचंच उत्तर त्याला वाचून दाखवलं. तो आधी हसला, मग वैतागला, मग अडकलेल्या फेरफारांची यादी वाचावी लागली. यादीत अकरा नावं निघाली. सगळी कामं झाली नाहीत. काही झाली. पडलेली ती बाई आता महिला सभेत पहिल्या रांगेत बसते आणि वही तिच्याच घरी असते.

काही जणी विचारतात, “ताई, अशा अटी घातल्या त मोठे नेते येनारच नाहीत.” बरोबर आहे. आमदारकीचे, खासदारकीचे उमेदवार बहुधा येणार नाहीत. मग काय करायचं? अमेरिकेतल्या त्या संघाने मोठा मंच सोडला, पण काम सोडलं नाही. गावपातळीवर उमेदवारांच्या चर्चा भरवणं आणि मतदारांसाठी माहिती छापणं हे त्यांच्या शाखा आजही करतात. आपणही पाच प्रश्नांचं एक पान काढू शकतो. उमेदवाराच्या कचेरीत जाऊन ते देऊ शकतो, आणि उत्तर आलं की नाही ते बाजाराच्या दिवशी वाचून दाखवू शकतो. उमेदवारीसोबत भरलेलं शपथपत्र, संपत्तीचं आणि गुन्ह्यांचं, कुणालाही पाहता येतं. ते सोप्या मराठीत लिहून चावडीवर लावता येतं. यासाठी कुणाच्या परवानगीची किंवा कुणी साहेब येण्याची गरज नाही.

आणखी एक शंका असते. आपला कार्यक्रम साधा, त्यात ना पडदा ना फुलं, लोक येतील का? थोडे येतील. आमच्या पहिल्या दणदणीत कार्यक्रमाला चारशे बायका होत्या आणि एकीचाही प्रश्न विचारला गेला नाही. दुसऱ्याला साठ होत्या आणि पाचही प्रश्न विचारले गेले. कोणता कार्यक्रम यशस्वी झाला ते तुम्हीच ठरवा. फक्त ठरवताना दुसऱ्या दिवशीचा पेपर समोर ठेवू नका.

म्हणून या शिबिरातून जाताना प्रत्येक मंडळाने एकच गोष्ट करावी अशी माझी विनंती आहे. निवडणूक जाहीर व्हायची वाट पाहू नका. या महिन्याच्या बैठकीत एक शंभर पानी वही घ्या आणि पहिल्या पानावर गावातल्या बायकांचे प्रश्न लिहा, त्यांच्याच शब्दांत. ‘सक्षमीकरण’ वगैरे शब्द आपण नंतर घालू. आणि निवडणुकीच्या वेळी कुणी येऊन सांगितलं की यातले तीनच विचारा, तर चहा जरूर पाजा. पण मंच त्यांना देऊ नका.

त्या बाईची आणि माझी नंतर एकदा एसटी स्टँडवर भेट झाली. सातबाऱ्यावर नाव चढलं होतं, चार वर्षं चकरा मारून, कुणाही साहेबाच्या मदतीशिवाय. मदतीचं प्रकरण अपात्र ते अपात्रच राहिलं. पिशवी तिच्या हातात होती. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “माफीचं जाऊ द्या ताई. पुढच्या खेपेले मले बोलू द्याल काय?”

मी हो म्हटलं आहे. तुम्हा सगळ्यांच्या वतीने म्हटलं आहे.